पदवीविना विद्या : रशियातील स्त्रियांचे उच्च शिक्षण

१८६३ साली रशियातील विद्यापीठांना नवी नियमावली मिळाली. प्राध्यापकमंडळांना तिने पुष्कळ स्वातंत्र्य दिले. स्त्रियांना मात्र व्याख्यानगृहांचे दार बंद केले. त्यापूर्वी काही काळ सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात स्त्रिया श्रोत्या म्हणून बसू लागल्या होत्या. तेवढी वाटही आता उरली नाही.

मुलींचे शिक्षण रशियाला अपरिचित होते असे नव्हे. साम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिनने १७६४ मध्येच स्मोल्नी संस्था स्थापन केली होती. परंतु सरदारकन्यांना सुसंस्कृत गृहिणी बनविणे हाच तिचा उद्देश होता. १८६१ मध्ये भूदासपद्धती रद्द झाल्यावर परिस्थिती पालटली. अनेक लहान जमीनदार विपन्न झाले आणि त्यांच्या मुलींना स्वतः अर्थार्जन करणे भाग पडले. त्यांच्यासाठी प्रतिष्ठेचा मानला जाणारा व्यवसाय मुख्यतः एकच, तो म्हणजे शिक्षिकेचा. शासनालाही शिक्षिका हव्याच होत्या. १८७० च्या नियमांनुसार मुलींच्या माध्यमिक शाळांना अध्यापनशास्त्राचा जादा आठवा वर्ग जोडता येऊ लागला. तो उत्तीर्ण होणारीला अध्यापनाचा अधिकार मिळे. विद्यापीठ नाकारणारे शासन शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला आडकाठी करीत नव्हते, ही बाब पुढील इतिहास समजण्यास महत्त्वाची आहे.

१८६८ मध्ये सुमारे ४०० स्त्रियांनी पीटर्सबर्ग विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे उच्च शिक्षणासाठी अर्ज केला. मारिया त्रुब्निकोवा, नादेझ्दा स्तासोवा व आन्ना फिलोसोफोवा या त्यांच्या अग्रणी होत. दहा वर्षांच्या खटपटीनंतर, १८७८ मध्ये, स्त्रियांसाठी उच्च अभ्यासक्रम सुरू झाले. पहिल्याच वर्षी ८०० हून अधिक स्त्रियांनी नावे नोंदविली. संस्था ओळखली जाऊ लागली ती मात्र तिचे पहिले प्रमुख, इतिहासकार बेस्तुझेव-र्‍यूमिन यांच्या नावाने! जिवाचे रान करणाऱ्या स्त्रियांची नावे पाटीवर आली नाहीत.

अध्यापन विद्यापीठाच्या तोडीचे होते, कारण शिकविणारे पुष्कळसे विद्यापीठाचेच प्राध्यापक होते. तरीही अभ्यास पूर्ण करणारीला पदवी मिळत नसे. पदवी नसली की काय होते, आणि असली तरी काय होते, हे सोफिया कोवालेव्हस्काया यांच्या उदाहरणावरून दिसते. १८७४ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवून त्या स्वदेशी परतल्या, तेव्हा मुलींच्या शाळेत प्राथमिक अंकगणित शिकविण्यापलीकडे त्यांना काम मिळेना. अखेर १८८४ साली स्टॉकहोमने त्यांना प्राध्यापकपद दिले.

१८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली. त्यानंतर सुशिक्षित तरुणींकडे शासन संशयाने पाहू लागले. १८८६ मध्ये नवे प्रवेश थांबविण्यात आले. प्राध्यापक गेरिये यांनी १८७२ मध्ये मॉस्कोत सुरू केलेले अभ्यासक्रम १८८८ मध्ये बंद पडले. पीटर्सबर्गचे अभ्यासक्रम १८८९ मध्ये पुन्हा उघडले खरे, पण विद्यार्थिनींच्या संख्येवर मर्यादा घालून आणि निसर्गविज्ञानांना काट देऊन. मॉस्कोला १९०० पर्यंत थांबावे लागले. १९११ च्या कायद्याने स्त्रियांना विद्यापीठाच्या अंतिम परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. क्रांतीनंतर, १९१८ मध्ये, मॉस्कोच्या अभ्यासक्रमांचे दुसरे मॉस्को राज्य विद्यापीठ झाले. १९३० मध्ये त्याचे विभाजन होऊन त्यातून जी महाविद्यालये निघाली, त्यांपैकी एक शिक्षक घडविणारे होते.