गुर्द्यातील पेले आणि नरसाळे

सणासाठी डुक्कर कापाल तेव्हा त्याचा गुर्दा शिजवण्यापूर्वी एकदा उभा चिरून पाहा. माणसाचा गुर्दा आतून बराचसा तसाच असतो. बोकडाचा घेऊ नका. त्यात खाली सांगितलेले पेले नसतात.

दोन्ही गुर्दे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले बहुतेक सारे परत रक्तात जाते. लघवी होऊन बाहेर पडते ते दीड लिटरच्या आसपास. ही लघवी गुर्द्यातील सुळक्यांच्या टोकांवरून ठिबकते. टोकाखाली जणू हात धरावा तसा लहान पेला असतो. असे साधारण आठ ते बारा पेले दोन-तीन मोठ्या पेल्यांत उघडतात आणि ते एका नरसाळ्यात. पुस्तकांत त्याला द्रोणी म्हणतात. आपण नरसाळेच म्हणू.

या नरसाळ्यात एक-दोन चमचेच लघवी मावते. ती साठवण्याची टाकी नव्हे. पेल्यांच्या भिंतीत स्नायू असतात. तेथून आकुंचनाची लाट निघते आणि 25 ते 30 सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून लघवीला खाली ढकलत नेते. म्हणून आडवे झोपलो तरी लघवी मूत्राशयात पोचते. मूत्राशयाच्या भिंतीतून ही नळी तिरकी शिरते; तो भरला की तिचे तोंड दाबले जाते व लघवी उलटी वर चढत नाही.

ही नळी तीन जागी अरुंद आहे: नरसाळ्याखाली, कमरेतील मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. मुतखडा बहुधा येथेच अडतो. मग कुशीतून जांघेकडे अशी कळ येते की धट्टाकट्टा गडी लोळू लागतो. पाच मिलिमीटरहून लहान खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो. पण कळ थांबली म्हणजे खडा गेलाच, असे नव्हे. तो तेथेच राहून लघवी तुंबली, तर पेले व नरसाळे फुगतात आणि गुर्दा मुकाट्याने निकामी होऊ शकतो. सोनोग्राफी करून खात्री करावी. कळेबरोबर थंडीताप आला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. झाडपाल्यात रात्र घालवू नये.

ऊसतोडणीच्या उन्हात घाम जातो आणि लघवी दाट होते. ती गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडले असे समजा. एकदा खडा झालेल्याने दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. (बिअरचा सल्ला देणारे मित्र गावोगावी आहेत. तो उपचार नव्हे.)

खडा पडलाच तर फेकू नका, कागदात बांधून डॉक्टरांकडे न्या. तो कशाचा आहे हे तपासल्यावरच पथ्य ठरते.