दोन वाद्यपथके

अमेरिकेत जून महिना उजाडला, की शाळा-महाविद्यालयांना उन्हाळ्याची सुट्टी लागते. वर्ग ओस पडतात. परंतु अनेक शाळांची क्रीडांगणे निराळ्याच आवाजाने दुमदुमू लागतात. सकाळच्या उन्हात शे-दीडशे तरुण-तरुणी रांगा धरून पावले टाकीत असतात. कोणाच्या हाती चकचकीत पितळी वाद्य असते, कोणाच्या गळ्यात ढोल, तर कोणाच्या हाती रंगीत निशाण. संगीताची एकच ओळ ती मुले दहादहा वेळा वाजवितात आणि तीच बारा-पंधरा पावले पुनःपुन्हा टाकतात. ही असते स्पर्धेची तयारी. अशा पथकाला तिकडे ‘ड्रम कोअर’ म्हणतात. ‘कोअर’ म्हणजे दल. हे नाव सैनिकी आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. रणांगणावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी १९१९ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही आपली संघटना स्थापन केली. तिच्या ठिकठिकाणच्या शाखांनी ढोल व बिगूल यांची पथके उभारली. ह्या वाद्यांशी सैनिकांचा जुना परिचय होता. छावणीत उठण्याची, जेवणाची आणि निजण्याची सूचना बिगुलावर मिळे. पावले जुळत ती ढोलाच्या तालावर. राष्ट्रीय सणांच्या मिरवणुकांत ही पथके वाजू लागली आणि लवकरच त्यांच्यात चढाओढही सुरू झाली. पुढे ही विद्या मुलांनाही मिळावी असे वडीलधाऱ्यांना वाटले. माजी सैनिकांच्या शाखा, चर्च, बालवीर पथके यांच्या आश्रयाने मुलांची स्वतंत्र पथके निघाली. एकाच खोडाला अशा दोन शाखा फुटल्या: एक प्रौढांची आणि दुसरी कुमारांची.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या दोन्ही शाखांना नवा बहर आला. न्यू जर्सीतील हॉथॉर्न ह्या गावी, युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी १९४६ मध्ये ‘कॅबलेरोज’ नावाचे पथक काढले. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, शिकागोतील एका बालवीर पथकातून ‘कॅव्हेलियर्स’ हे कुमारांचे पथक जन्मास आले. प्रौढ पथकांची स्वतंत्र संघटना ‘ड्रम कोअर असोसिएट्स’ ही १९६५ पासून आपली विजेतेपदाची स्पर्धा भरवू लागली. कुमार पथकांनीही १९७१ मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही आपली संघटना उभी केली आणि १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अंतिम स्पर्धा झाली.

स्पर्धेचे स्वरूप ऐकण्यासारखे आहे. प्रत्येक पथक सुमारे दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम बसविते. त्यात बासरी, क्लॅरिनेट अशी वाद्ये नसतात. मुख्य वाद्ये पितळी आणि तालाची. वादन मुख्यतः चालता-चालता होते. मैदानावर दर पाच यार्डांवर एक पांढरी रेघ आखलेली असते. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचे अंतर बहुधा आठ पावलांत कापावयाचे असते. पाच यार्ड म्हणजे १८० इंच. म्हणजेच एक पाऊल साडेबावीस इंचांचे. ते चोवीस इंचांचे पडले, तर आठव्या पावलाला वादक आपल्या जागेपासून एक फूट पुढे जातो, रांग वाकते आणि वर्तुळ मोडते. उंचावर बसलेल्या प्रेक्षकाला ती चूक तत्काळ दिसते. कुमारांच्या स्पर्धेत एकूण १०० गुण असतात; त्यांपैकी ४० गुण समग्र परिणामाला, ३० दृश्य रचनेला आणि ३० संगीताला मिळतात. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांत पुष्कळदा एका गुणाचेही अंतर राहत नाही.

कुमार पथकात प्रवेश मिळणे सोपे नाही. हिवाळ्यापूर्वीच परीक्षा सुरू होतात. नामांकित पथकांत दीडशेच्या आसपास जागा असतात आणि इच्छुक त्याहून कितीतरी अधिक. निवड झालेली मुले हिवाळ्यात अधूनमधून शिबिरांसाठी एकत्र येतात. मे महिन्याच्या अखेरीस मात्र ती घर सोडतात, ती ऑगस्टपर्यंत परतत नाहीत. रात्री कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर पथारी पसरावयाची. सकाळी उठून दिवसभर सराव करावयाचा. संध्याकाळी स्पर्धेत उतरावयाचे आणि रात्री बसमध्ये डुलक्या घेत पुढचे गाव गाठावयाचे. पथकाबरोबर एका मोटारीत चालते-फिरते स्वयंपाकघर असते. तेथे पुष्कळदा मुलांचे आईबापच आपली रजा खर्चून पोळपाट-लाटण्याऐवजी मोठमोठी पातेली सांभाळीत असतात. हजारो मैलांचा हा प्रवास ऑगस्टमध्ये संपतो. २००९ पासून अंतिम स्पर्धा प्रायः इंडियानापोलिसच्या भव्य क्रीडागारात होत आली आहे.

प्रौढांच्या पथकांना आता ‘सर्ववयीन पथके’ असे म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. तेथे शाळकरी मुलगा असतो आणि साठी ओलांडलेला आजोबाही असतो. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी कारखान्यातील कामगार. आठवड्याचे पाच दिवस ज्याचा तो आपल्या उद्योगात असतो. शनिवार-रविवार आला, की वाद्याची पेटी गाडीत टाकून ही मंडळी सरावाला निघतात. काहींना त्यासाठी तीन-चार तासांचा प्रवास पडतो. मुलांचे आजारपण, कचेरीतील जादा काम, दुखणारा गुडघा ह्या सर्वांतून वाट काढून पथक उभे राहते. २०२३ पर्यंत त्यांची अंतिम स्पर्धा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून होई. ती सुट्टी अमेरिकेत श्रमिकांचा दिवस म्हणून पाळली जाते. कष्टकरी माणसांच्या ह्या पथकांना त्याहून उचित मुहूर्त कोणता मिळाला असता?

मग ह्या दोहोंत श्रेष्ठ कोण? केवळ कसब पाहिले, तर नामांकित कुमार पथकांचा हात सहसा वरचढ ठरतो. ह्याचे कारण साधे आहे. कुमार पथक आठवड्याला साठ तास सराव करीत असेल आणि सर्ववयीन पथक पंधरा तास, तर पहिल्याच्या एका आठवड्याची बरोबरी करण्यास दुसऱ्याला चार आठवडे लागतात. तारुण्यातील दम आणि पायांची चपळाई ही त्यांत आणखी भर. परंतु तीस-तीस वर्षे वाद्य हाताळल्याने स्वरात जो भरदारपणा येतो, तो एका उन्हाळ्यात येत नाही. अशा मुरलेल्या वादकाच्या शेजारी उभे राहून सोळा वर्षांचा मुलगा जे शिकतो, ते समवयस्कांच्या रांगेत त्याला शिकता येईलच असे नाही.

उणिवा दोहोंकडे आहेत. कुमार पथकाचा एका उन्हाळ्याचा खर्च प्रत्येक मुलामागे काही हजार डॉलरांच्या घरात जातो. अंगी गुण असूनही पैशाअभावी कित्येकांना घरी बसावे लागते. १९७० नंतरच्या दशकात कुमारांची शेकडो पथके होती. दूरदूरचा प्रवास आणि वाढता खर्च यांमुळे त्यांतील बहुतेक बंद पडली. सर्ववयीन पथकांचा खर्च त्या मानाने कमी असतो; पण तेथे वेळेचीच टंचाई. ऐन सरावाच्या दिवशी चार जणांना नोकरीवर जावे लागले, तर रांगेत चार खिंडारे पडतात.

कुमार पथकाच्या पायांत आणखी एक बेडी आहे, ती वयाची. बावीस वर्षांहून मोठ्या माणसाला तेथे स्थान नाही. आठ-आठ महिने घाम गाळून हात नुकताच बसलेला असतो आणि तेवढ्यात निरोपाची घटका येते. अंतिम स्पर्धेच्या रात्री, शेवटचा स्वर विरला, की आतापर्यंत निश्चलपणे उभे असलेले कित्येक तरुण एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. हा नियम कठोर वाटतो खरा. पण तो नसता, तर तीस-पस्तीस वर्षांच्या निष्णात वादकांनी साऱ्या जागा अडविल्या असत्या आणि सोळा वर्षांच्या होतकरू मुलाला दारातूनच परतावे लागले असते. एकाने जागा सोडावी, तेव्हाच दुसऱ्याला ती मिळते.

जागा सोडणारा मात्र अगदी निराधार होत नाही. सर्ववयीन पथकाचे दार त्याच्यासाठी उघडे असते. कुमार पथकांतून बाहेर पडलेली पुष्कळ माणसे शिक्षण आटोपून, नोकरीला लागून ह्या पथकांत येतात. कोणी शिक्षक होऊन पुन्हा कुमारांना शिकवितात. एके काळी प्रौढांनी मुलांच्या हाती वाद्य दिले. आज तीच मुले मोठी होऊन प्रौढांची पथके जिवंत ठेवीत आहेत. जणू हे नाते ओळखूनच २०२४ च्या हंगामापासून सर्ववयीन पथकांना ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ने आपल्यात सामावून घेतले. त्यांचा स्पर्धागट निराळा आहे, पण छत्र एकच.

एखादी कला अवगत करावयाची, तर आयुष्यात केव्हातरी तिला सर्वस्व द्यावे लागते. कुमार पथक ते मागते. आणि ती कला टिकवावयाची, तर संसाराच्या धबडग्यातूनही तिच्यासाठी थोडा वेळ राखून ठेवावा लागतो. सर्ववयीन पथक तो मागते. पहिल्या मागणीला उत्साह पुरतो, दुसरीला निष्ठा लागते. शनिवारी पहाटे, सारे घर झोपलेले असताना, वाद्याची पेटी उचलून हलक्या पावलांनी बाहेर पडणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला टाळी वाजविण्यास तेथे कोणी नसते. तरीही तो जातो. आणि त्याच्या जागी तो वेळेवर उभा असतो, म्हणूनच पथकाची रांग सरळ राहते.

स्वाध्याय

१. ड्रम कोअरमध्ये ढोल व बिगूल हीच वाद्ये का आली?
२. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत आठ पावले टाकताना प्रत्येक पाऊल एक इंच लहान पडले, तर वादक आपल्या जागेपासून किती मागे राहील?
३. वयाच्या मर्यादेचा एक लाभ व एक तोटा पाठाच्या आधारे लिहा.
४. ‘पहिल्या मागणीला उत्साह पुरतो, दुसरीला निष्ठा लागते’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. आपला उद्योग सांभाळून एखादी कला जोपासणारी व्यक्ती तुमच्या परिचयाची असल्यास तिच्याविषयी दहा ओळी लिहा.