डॉलर चढला की आपलेच सूत का महागते?

“डॉलर महागला तर आमचे काय गेले? आम्ही परदेशी माल विकतच नाही!” असे आपले पुष्कळ व्यापारी बांधव म्हणतात. हिशेब मात्र वेगळा आहे.

जुलै १९९१ मध्ये सरकारने दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन केले आणि डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये तो ६८ वर पोहोचला, जुलै २०२२ मध्ये त्याने ८० गाठले.

पॉलिस्टर सुताचे समजते, ते खनिज तेलापासूनच बनते. पण कापूस तर विदर्भ-खानदेशात पिकतो! तरी सूतगिरणीकडे दोन गिऱ्हाइके असतात, एक परदेशी आणि दुसरे भिवंडी-मालेगावचे. समजा, परदेशात किलोभर सुताला ३ डॉलर मिळतात. डॉलर ६८ असताना त्याचे २०४ रुपये झाले, ८० असताना २४०. मग गिरणी आपल्याला जुन्या भावाने का देईल? परदेशातून मागणी थंड असेल तरच आपण वाचतो.

घरखर्चाचेही तसेच. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते, पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचे. डिझेल महागले की भाडे वाढते आणि नाशिकचा कांदाही महाग होतो. तेल, डाळ, मुलांची फी टाळता येत नाही. पुढे ढकलला जातो तो कपडा. म्हणजे आम्हा कापडवाल्यांची खरेदी महाग आणि गिऱ्हाईक कमी.

कोकणात मात्र वेगळे चित्र दिसते. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे रुपया घसरला की आखातातून येणाऱ्या पैशाचे रुपये जास्त होतात. पण शेजारच्याच घरात हजसाठी पै-पै जमवणारे असतात. १०,००० रियालच्या खर्चाला डॉलर ६८ असताना सुमारे १ लाख ८१ हजार लागत, ८० झाल्यावर २ लाख १३ हजार.

अशा दिवसांत खरा धोका लांबच्या उधारीत असतो. नव्वद दिवसांनी पैसे हाती येतात तेव्हा त्यात तेवढेच ठाण भरता येत नाहीत. म्हणून मुदत कमी ठेवावी आणि भाव सौद्याच्या वेळीच पक्का करावा. नंतर उशिराच्या नावाने रक्कम वाढवली तर ते व्याजच झाले. जुना माल आजच्या बाजारभावाने विकायला हरकत नाही, पण नवा भाव सांगून “ही माझी खरेदी आहे” म्हणणे सरळ खोटे आहे. काही जण तेही करतात.

डॉलर उतरला तरी दुकानातला भाव लगेच उतरत नाही, कारण प्रत्येकाकडे महाग घेतलेला साठा पडून असतो. म्हणून ईदची खरेदी एकदम न करता दोन-तीन हप्त्यांत करावी, म्हणजे सगळा माल चढ्या भावात अडकत नाही.