मालिका वाटून घेताना

एक मालिका म्हणजे नेमकं काय धरायचं, हे पहिली निवड होण्याआधी वहीत लिहून काढा. बाकीचे नियम खेळता खेळता जुळवले तरी भागतं, हा राहिला की घरात वाद ठरलेला. इस्लापुरात आमच्याकडे तो ‘कार्तिक दीपम’वरून झाला.

खेळ आधी सांगतो. कबड्डीला आपण भिडू वाटून घ्यायचो ना, तसं इथं मालिका वाटून घ्यायच्या. हैदराबादेत नोकरी करणारे आमचे जावई त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात, आता घरची म्हातारी माणसंही म्हणतात. पाळीपाळीनं एकेकानं एक मालिका उचलायची आणि तिच्या नावाची चिठ्ठी जवळ ठेवायची. एकदा उचलली की ती दुसऱ्याला बंद. पाच फेऱ्या झाल्या की प्रत्येकाकडं पाच मालिकांचं स्वतःचं चॅनल तयार होतं आणि मग कुणाचं चॅनल भारी ते ठरतं. लागतं काय, तर वही, पेन आणि भाऊबीजेला जमलेले पाहुणे.

आता इस्लापूर. किनवट तालुका, नांदेड जिल्ह्याचं टोक. मुदखेड-आदिलाबाद लाइनवरचं गाव, सहस्रकुंडाचा धबधबा हाकेच्या अंतरावर, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि रेल्वेनं तसंच पुढं गेलं की तेलंगण. आमच्याकडच्या कितीतरी सुना आदिलाबाद, निर्मल बाजूच्या. मी बरीच वर्षं केबलचा धंदा केला, त्यामुळं कुणाच्या घरी संध्याकाळी काय चालतं ते मला तोंडपाठ. २०१९ च्या सुरुवातीला केबलवर नियंत्रण ठेवणाऱ्या ट्रायचे नवे दर आले. शंभर चॅनलचे १३० रुपये आणि वर कर, त्यापुढं जे पे-चॅनल बघायचं त्याचे पैसे वेगळे. तेव्हा घरोघरी फॉर्म भरून घेताना मराठी पॅकेज घ्यायचं की तेलुगू, यावरून सासवा-सुनांची जी रस्सीखेच मी उंबऱ्यात उभं राहून ऐकली आहे, ती ऐकल्यावर पुढचं नवल वाटायचं कारण नव्हतं.

तर धाकट्या वहिनींनी, त्यांचं माहेर आदिलाबाद, पहिल्याच पाळीला ‘कार्तिक दीपम’ घेतली. स्टार माँची ही तेलुगू मालिका २०१७ ते २०२३ चालली आणि तिच्यातल्या दीपाला, म्हणजे वंटलक्काला, आमच्या सीमेवरच्या गावांत घरची बाई असल्यासारखं ओळखतात. दोन पाळ्या गेल्या आणि आत्यानं ‘रंग माझा वेगळा’चं नाव घेतलं. वहिनी ताडकन म्हणाल्या, “आत्याबाई, ती आमचीच की. तीच दीपा, तोच डॉक्टर. मी घेतलीय आधीच.” आत्या म्हणाली, “तुमची कशी? आमची मराठी हाय. रेश्मा शिंदे कुठं तुमच्या तेलुगूत आली होती?” तेवढ्यात जावयांनी फोनमध्ये बघून सांगितलं, की मूळ दोन्हीही नव्हेत, मूळ मल्याळम ‘करुत्तमुत्तू’, २०१४ ची. आत्यानं लगेच धरलं, “मंग तुझी बी उष्टीच झाली की गं!” सगळे हसले. वहिनींनी चिठ्ठी पाटावर ठेवली आणि चहा टाकायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मालिकांच्या धंद्यात उसनवारी इतकी आहे की हा प्रश्न तुमच्याही घरी येणारच. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली, हिंदीत तीच ‘अनुपमा’, तेलुगूत ‘इंटिंटी गृहलक्ष्मी’. चार भाषा, चार स्वयंपाकघरं. गोष्ट एक म्हणून एकच धरली तर तीन माणसांवर अन्याय होतो. म्हणून आम्ही आता असं लिहिलंय: भाषा वेगळी तर मालिका वेगळी. माणूस गोष्ट निवडत नसतो, त्या बाईचा आवाज, तिचं घर, ती वेळ निवडत असतो.

उलटंही लिहून ठेवा. नाव एक पण मालिका दोन, असं असेल तर साल सांगायचं. नुसतं ‘महाभारत’ म्हणून चालणार नाही. बी. आर. चोप्रांचं १९८८ चं की स्टार प्लसचं २०१३ चं? पोरं दुसरं धरतात, बापे पहिलं, आणि दोघांनाही वाटतं आपल्याला मिळालं. ‘रात्रीस खेळ चाले’चे तीन भाग आहेत, २०१६, २०१९ आणि २०२१ चे. ज्याला फक्त अण्णा नाईक आणि शेवंता पाहिजेत त्याला दुसरा भाग हवा असतो, पहिल्या भागातलं खुनाचं कोडं नको असतं. ‘बिग बॉस मराठी’चंही तसंच. पाचवा सीझन, २०२४ चा, रितेश देशमुखचा. लातूरचा माणूस म्हणून आमचे लातूरचे मामा दुसरा कुठलाच मानत नाहीत. भाग वेगळा तर निवड वेगळी. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. ती मात्र अख्खी घ्यावी लागते, वाटून द्यायला गेलं तर वर्षही सांगता येत नाही कुणाला.

पाळीच्या क्रमाला हलकं घेऊ नका. चार जण असतील आणि दर फेरीला एकच क्रम ठेवला, तर चार फेऱ्यांत पहिल्याला पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी निवड मिळते, चौथ्याला चौथी, आठवी, बारावी, सोळावी. शेवटचा दर फेरीत मागंच. म्हणून क्रम नागमोडी ठेवायचा: पहिली फेरी सरळ, दुसरी उलटी, तिसरी पुन्हा सरळ. मग पहिल्याला १, ८, ९, १६ आणि चौथ्याला ४, ५, १२, १३. बेरीज करून बघा, दोघांची ३४. ही बरोबरी सम फेऱ्यांतच साधते, म्हणून पाचऐवजी सहा फेऱ्या घेतल्या तर जास्त बरं. आम्ही पाचच घेतो, कारण सहाव्या फेरीपर्यंत निम्मे पाहुणे घोरत असतात. पहिल्या वर्षी भिशीसारख्या चिठ्ठ्या काढा, पुढच्या वर्षी जो तळाला राहिला त्याला पहिली पाळी. अमेरिकेतले फुटबॉलचे संघ १९३६ पासून नवे खेळाडू असेच निवडतात, तळाचा संघ पहिला. लिलावाच्या नादी लागू नका. आयपीएलचा बघून पोरांना तो करावासा वाटतो, पण खोट्या पैशांची बोलीसुद्धा घरात खऱ्यासारखी वाढते आणि रात्रीचे दोन वाजतात.

आता सगळ्यात जास्त नुकसान कशानं झालं ते सांगतो. टीआरपीनं.

सूचना जावयांची होती आणि ऐकायला शहाणपणाची वाटत होती. कोणती मालिका किती बघितली जाते ते मोजणाऱ्या बार्कचे आकडे दर गुरुवारी येतात, त्यावरून गुण द्यायचे, म्हणजे कुणाचं चॅनल भारी यावर वादच नको. वाद खरंच राहिला नाही. खेळही राहिला नाही. सगळ्यांचं लक्ष स्टार प्रवाहच्या वरच्या चार-पाच मालिकांवर. मामांनी पहिल्या झटक्याला ‘आई कुठे काय करते’ उचलली. आमच्या आईनं सहज विचारलं, “अरुंधतीच्या नवऱ्याचं नाव काय हो?” मामा थोडं थांबून म्हणाले, “संजना.” मालिका बघणाऱ्यांना कळेल आई पदर तोंडाला लावून का हसली.

आणि ज्यांनी मनापासून निवडलं त्यांच्या पदरात काय? ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००४ ला संपली, गुण शून्य. ‘आभाळमाया’, अल्फा मराठीवरची, १९९९ मध्ये सुरू झालेली, गुण शून्य. काकांनी ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ घेतली होती. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, त्या दोघांची नक्कल काका अजून करतात. तीही शून्य. दुसऱ्या गुरुवारनंतर काकांनी वहीकडं बघणंच सोडलं.

त्यात तो आकडा तरी कुणाचा? बार्कचं यंत्र देशातल्या पन्नास हजारांवर निवडक घरांत बसवलेलं असतं. कोणती घरं ते गुप्त ठेवतात. मालिकेच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, यंत्र ती ओळखतं, आणि घरातलं कोण बघतंय त्यासाठी प्रत्येकाला वेगळं बटण असतं. जाहिरातीचा दर ठरवायला हे ठीक आहे, त्याच कामासाठी ते केलेलं आहे. आपल्या काकांना काय आवडावं, हे त्यात कुठून येणार?

टीआरपी काढून टाकला, पण दुसरी एक खोड उरली होती, दुसऱ्याचं मोडायला निवडायचं. भाच्याला ठाऊक होतं की मावशीला ‘होम मिनिस्टर’च हवं. ती आदेश बांदेकरांच्या पैठणीसाठी वर्षानुवर्षं संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेली. त्यानं तिच्या आधीच्या पाळीला मुद्दाम तेच घेतलं. क्रिकेटपटू असा पळवला तर चालतो, त्यात डाव असतो. इथं मावशीचे डोळे भरून आले आणि भाचा कावराबावरा झाला.

या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध लागू पडलं. निवडणाऱ्यानं त्या मालिकेतला एक प्रसंग तिथल्या तिथं सांगायचा. फोन न बघता, निदान तीन-चार वाक्यांत, पात्रांच्या नावानिशी. सांगता आला नाही तर चिठ्ठी परत आणि पाळी पुढं. हा नियम आला आणि मामांच्या आवडी एका रात्रीत बदलल्या. भाच्यानं पुढच्या खेपेला ‘सीआयडी’ घेतली आणि एसीपी प्रद्युम्नांसारखी बोटं फिरवून दाखवली.

वहिनींनी ‘कार्तिक दीपम’ पुन्हा घेतली तेव्हाचं सांगतो. डॉक्टरबाबू दीपावर संशय घेतो, ती घर सोडते. जुळ्या मुली होतात, सासू सौंदर्या त्यातली एक आपल्या लेकाकडं आणून वाढवते, दुसरी दीपाजवळ, आणि एकमेकींच्या बहिणी आहोत हे मुलींना ठाऊकच नाही. अर्धं मराठी अर्धं तेलुगू असं वहिनी सांगत होत्या. मुलींची नावं शौर्या आणि हिमा म्हटल्यावर आत्यानं मध्येच तोंड घातलं, “आमच्यात कार्तिकी अन् दीपिका. पण सासू सौंदर्याच, नाव तेच हाय.” मग काय, दोघीच बोलत बसल्या. आमच्यात असं झालं, तुमच्यात काय झालं, करत करत पाळी कुणाची होती हेच सगळे विसरले. वहीत त्या जागी मी नुसती रेघ मारून ठेवली आहे.

डावपेच म्हणून विचाराल तर एवढंच सांगेन: सगळ्यांना हवी असलेली मालिका आधी घ्या, फक्त आपलाच जीव असलेली शेवटी. रामानंद सागरांचं ‘रामायण’ आमच्याकडं पहिल्या दोन पाळ्यांच्या पुढं कधीच जात नाही. १९८७-८८ ला रविवारी सकाळी साडेनऊला, लाईट नसली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावून पाहिलेली पिढी आहेच. वर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ते पुन्हा दाखवलं, त्यामुळं पोरंही वाटेकरी झाली. याउलट काकूंची ‘गोट्या’. तिला दुसरं कुणी हात लावत नाही. काकू निवांत शेवटच्या फेरीपर्यंत वाट बघतात आणि मधल्या पाळ्यांत दुसऱ्यांच्या हव्या त्या घेऊन बसतात. घरात सगळ्यात मुरलेल्या खेळाडू त्याच, दिसायला सगळ्यात भोळ्या.

निकाल मतांनी लावा, पण स्वतःला मत द्यायचं नाही. प्रत्येकानं दुसऱ्यांच्या याद्यांना तीन, दोन, एक असे गुण चिठ्ठीवर लिहून द्यायचे. हात वर करून मत घेतलं तर नवरा-बायको एकमेकांकडं बघून हात वर करतात, आणि जिचा नवरा भाऊबीजेला आलेला नाही तिची पंचाईत.

पैसे लावू नका, दहा रुपयेसुद्धा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं कायद्यानं बंदी आणली आणि मोठमोठ्या क्रिकेट ॲपांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. आपल्या ओसरीवरच्या खेळाला तो कायदा शोधत येणार नाही, पण मी दहा रुपयांचं सांगतोय ते वेगळ्या कारणानं. पैसे आले की प्रसंग सांगणारा माणूस घाई करतो. बक्षीस म्हणून आम्ही जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवशीचा रिमोट देतो. भारताची मॅच असेल तर करार रद्द, हेही वहीत आहे.

यंदा जावई म्हणताहेत, वेबसीरिज पण धरा. धरू की. पण फ्री डिश असलेल्या घरात त्यातलं काय दिसणार? काकांकडं साधा बटणांचा फोन आहे. म्हणून वहीत नवं वाक्य घातलंय: जमलेल्यांपैकी निदान तिघांनी पाहिलेली असेल तरच ती मालिका निवडीला. जावयांनी तीन नावं सांगितली. हात वर झाला एकट्या त्यांचा.