इंजिनाचा दम

(लहान दुचाकीच्या इंजिनात जास्त हवा भरली, तर तिची ताकद वाढते का? गॅरेजमध्ये आणि शाळेच्या मैदानावर मुले या प्रश्नावर नेहमी वाद घालतात. या पाठात त्याचे उत्तर साध्या हिशेबाने शोधले आहे.)

‘दम’ हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. दोन्ही भाषांत तो फारसीतून आला. ‘धावून दम लागला’ म्हणजे श्वास फुलला. ‘त्याच्यात दम आहे’ म्हणजे त्याच्यात ताकद आहे. श्वास आणि ताकद या दोहोंना एकच शब्द का? इंजिनाकडे पाहिले की याचे उत्तर मिळते.

इंजिन पेट्रोलवर चालते, असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. पेट्रोल जळण्यासाठी हवेतील ऑक्सिजन लागतो. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच जास्त खाते!

एक हिशेब करू. १०० सीसीचे फोर स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. मिनिटाला ६००० फेरे होत असतील, तर ३००० श्वास होतात. प्रत्येक श्वासात १०० घन सेंटिमीटर हवा आत जाते असे धरले, तर एका मिनिटात ३०० लिटर हवा लागते. एवढ्या हवेचे वजन सुमारे ३६० ग्रॅम भरते. तिच्यात जेमतेम २४ ग्रॅम पेट्रोल जळू शकते. याहून जास्त पेट्रोल सोडले, तर ताकद वाढत नाही. न जळलेले पेट्रोल वाया जाते आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो.

म्हणून ताकद वाढवायची असेल, तर हवा वाढवली पाहिजे. त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, सिलिंडर मोठा करणे. दुसरा, इंजिन जास्त वेगाने फिरवणे. तिसरा, त्याच सिलिंडरमध्ये दाबलेली, दाट हवा भरणे. आपला प्रश्न या तिसऱ्या मार्गाचा आहे.

हवेच्या घनतेचा परिणाम घाट चढताना दिसतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ असते. म्हणून तीच गाडी तेथे थोडी दमल्यासारखी वाटते. गाडी तीच, पेट्रोल तेच. श्वास मात्र अपुरा.

हवा दाबून भरण्याची दोन यंत्रे आहेत. सुपरचार्जर हा पंप इंजिनाच्याच ताकदीवर, पट्ट्याने किंवा दातेरी चाकांनी फिरतो. टर्बोचार्जरला इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर फिरवतो. धुराच्या जोराने एक छोटे चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबते. या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली घेतले.

दुचाकीवरही हे प्रयोग झाले आहेत. १९३९ साली ‘आइल ऑफ मॅन’ बेटावरील प्रसिद्ध शर्यत जॉर्ज मायर यांनी सुपरचार्जर लावलेल्या ५०० सीसीच्या बीएमडब्ल्यूवर जिंकली. पुढे १९४६ साली मोटारसायकल शर्यतींत सुपरचार्जरला बंदी झाली. १९८२ साली होंडा कंपनीने ‘सीएक्स ५०० टर्बो’ ही गाडी काढली. साध्या सीएक्स ५०० ची ताकद सुमारे ५० हॉर्सपॉवर होती. टर्बोची ८२ झाली. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने तर १२५ सीसीच्या स्कूटरलाही सुपरचार्जर बसवला आणि सुमारे २० हॉर्सपॉवर मिळवली.

तेव्हा पहिले उत्तर असे : होय, लहान इंजिनाची ताकद अशा रीतीने वाढू शकते. परंतु ‘वाढू शकते’ आणि ‘आपल्या गाडीवर वाढवावी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही मुलांना वाटते, कॉम्प्युटरमधला छोटा पंखा कार्ब्युरेटरपुढे लावला की काम झाले. हे तपासून पाहू. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर, म्हणजे १०,००० मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. असा पंखा जो दाब निर्माण करतो, तो काही मिलिमीटर पाण्याएवढाच असतो. तो १० मिलिमीटर धरला, तरी वाढ झाली एक हजारांश! दाब दीडपट करायचा तर ५ मीटर पाण्याएवढा जादा दाब हवा. आपल्या १०० सीसीच्या इंजिनासाठी तेवढी हवा दाबायला ३०० वॅटहून अधिक शक्ती लागते. पंखा असतो दोन-चार वॅटचा. तो हवा भरण्याऐवजी तिच्या वाटेत अडथळाच होतो.

दुसरी युक्ती म्हणजे गाडीपुढे नरसाळे लावणे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा वारा नरसाळ्यात शिरला, तर दाब सुमारे ६०० व्या भागाने वाढतो. एवढा फरक चालवणाऱ्याला जाणवणारही नाही.

आता समजा, कोणी खरा सुपरचार्जर मिळवला आणि दाब दीडपट केला. मग ताकदही दीडपट होईल का? नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. ३० अंश तापमानाची हवा दीडपट दाबली, तर उत्तम यंत्रातही ती सुमारे ६७ अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा प्रसरण पावते. म्हणून दाब दीडपट झाला, तरी हवा एक तृतीयांशच जास्त भरते. त्यातून सुपरचार्जर फिरवण्याची ताकद इंजिनालाच द्यावी लागते.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. गरम आणि दाट मिश्रण ठिणगीची पूर्ण ज्योत पोहोचण्याआधीच काही भागात भडकते. इंजिनातून टकटक आवाज येऊ लागतो. असे होत राहिले, तर दट्ट्या वितळून त्याला भोक पडू शकते. वाऱ्यावर थंड होणाऱ्या लहान इंजिनाला हा धोका अधिक असतो.

टर्बोचार्जरचेही तसेच आहे. त्याचे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. त्यासाठी धुराचा अखंड, जोरदार प्रवाह हवा. एका लहान सिलिंडरचा धूर थोडा असतो आणि तोही थांबून थांबून येतो.

लुनासारख्या जुन्या मोपेडचे इंजिन टू स्ट्रोक होते. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने ५० सीसीची लुना आणली आणि ती घरोघरी पोहोचली. साध्या टू स्ट्रोक इंजिनात नवे मिश्रण आत येत असताना धूर बाहेर जाण्याचे भोकही उघडे असते. जोराने भरलेले मिश्रण त्या भोकातून बाहेर निसटते. दाब वाढवा, गळतीही वाढते!

मग यावर उपायच नव्हता का? होता. तो पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी विकसित केला. सुपरचार्जरला बंदी होती. काडेन यांनी धुराच्या नळीच्या आकाराकडे लक्ष दिले. नळी आधी रुंद आणि पुढे निमुळती केली, तर आतील दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने सुमारे २५ हॉर्सपॉवर दिली. ना पंप, ना टर्बो! कारखान्याकडे पैसा कमी होता. निरीक्षण आणि चिकाटी मात्र भरपूर होती.

शेवटी एक हिशेब राहिला. वेग वाढतो तसा वाऱ्याचा विरोध झपाट्याने वाढतो. ताकद एक तृतीयांशाने वाढली, तर वेग साधारण दहा टक्केच वाढतो. ताशी ६० ऐवजी ६६ किलोमीटर! आणि ब्रेकचे काय? वेग ४० वरून ६० झाला, तर ब्रेक लावल्यावर गाडी सव्वादोनपट अंतर घसरत जाते. इंजिनाचा दम वाढवणारा मुलगा ब्रेकचा, चाकाचा आणि रस्त्यावरच्या माणसांचा विचार करतो का? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. हा नियम आपल्याच जिवासाठी आहे.

एअर फिल्टर स्वच्छ ठेवा. टायरमध्ये योग्य हवा भरा. साखळीला तेल द्या. स्पार्क प्लग वेळेवर बदला. एवढ्याने गाडीला तिचा गेलेला दम परत मिळतो. आणि ज्यांना खरोखर नवे इंजिन घडवायचे आहे, त्यांनी आधी वही-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. काडेन यांनी वाट शोधली ती नियमांच्या चौकटीत राहूनच.

शब्दार्थ

घनता – दाटपणा, कसाफत
विरळ – पातळ, दाट नसलेले
दट्ट्या – सिलिंडरमध्ये वर-खाली सरकणारा भाग, पिस्टन
नरसाळे – वर रुंद व खाली निमुळते असे साधन, कीफ
निमुळता – टोकाकडे अरुंद होत जाणारा
चिकाटी – काम न सोडण्याचा गुण, इस्तिकलाल

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १ ग्रॅम पेट्रोल जळण्यासाठी किती हवा लागते?
(आ) टर्बोचार्जर कशाच्या जोरावर फिरतो?

२. कारणे द्या.
(अ) महाबळेश्वरला गाडी दमल्यासारखी वाटते.
(आ) दाब दीडपट झाला तरी ताकद दीडपट होत नाही.

३. ‘दम लागणे’, ‘दम धरणे’, ‘दम देणे’ यांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.

४. ५० सीसीचे टू स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्यात एकदा श्वास घेते. मिनिटाला ६००० फेरे झाले, तर त्याला किती लिटर हवा लागेल? हिशेब करा.