स्वमग्नतेची तपासणी : काय होते?

अकोल्याच्या पाड्यांवर आया विचारतात, "ताई, पोराला सुई टोचतील का?" मी सांगते, स्वमग्नता रक्तात किंवा एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टर कान तपासून घेतात, मुलाला खेळताना पाहतात आणि तुम्हालाच विचारतात : हाकेला वळतो का? बोटाने दाखवतो का? आलेले शब्द गेले का? घरच्या बोलीतच सांगा. काही लपवू नका. भारतीय मोजपट्टीत ४० मुद्दे असतात, म्हणून वेळ लागतो, पुन्हाही बोलावतील. लसीकरणाचे कार्ड न्या. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक येते. त्यांना शंका सांगा. हा कोणाचा शाप नाही, आईची चूकही नाही. "मोठा झाला की बोलेल" म्हणत थांबू नका. शिकवण्याची मोलाची वर्षे निघून जातात.