अस्वल अंगावर आल्यास बचाव कसा करावा?

इसापनीतींतील दोन मित्र व अस्वल यांची गोष्ट आपण सर्वांनीं शाळेंत वाचलेली आहे. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचें सोंग घेऊन पडतो, आणि दोघेही वांचतात. मित्राची पारख करण्यापुरता तिचा बोध ठीक आहे. परंतु सातपुडा, अजिंठ्याचा डोंगर किंवा चंद्रपूर-गोंदियाकडील रान ज्यांच्या बांधास लागून आहे, त्यांनीं तिजवर विसंबूं नये. आपल्याकडील अस्वल झाडावर चढतें, आणि उताण्या पडलेल्या मनुष्याचें तोंडच प्रथम त्याच्या नखांखालीं येतें.

स्वभाव : अस्वल मनुष्यास खाण्याकरितां धरीत नाहीं. वाळवी, मुंग्या, मध, मोहाचीं फुलें, बोरें, जांभळें, उंबरें हें त्याचें खाद्य. त्याचें नाक तीक्ष्ण, पण दृष्टि मंद. वरच्या जबड्यांतील मधले दोन दांत त्यास नसतात. त्या फटींतून तें वारुळांतील वाळवी ओढून घेतें. या कामांत तें इतकें गढून जातें कीं, मनुष्य अगदीं जवळ येईपर्यंत त्यास पत्ता लागत नाहीं. मग तें दचकून चाल करतें. पाठीवर पिलें घेऊन फिरणारी मादी तर विशेष भयंकर. सबब, त्यास आपली चाहूल आधींच लागूं देणें हाच पहिला बचाव होय.

पूर्वकाळजी : (१) पहांटे व तिन्हीसांजेस रानालगत एकट्यानें जाऊं नये, दोघांतिघांनीं मोठ्यानें बोलत जावें. एकट्यास जाणें भागच पडल्यास काठीस घुंगरें बांधून ती आपटीत जावें. (२) मोह वेंचणारा मनुष्य वांकलेला व अबोल असतो, आणि अस्वलही त्याच फुलांकरितां येतें. म्हणून चांगलें उजाडल्याशिवाय झाडाखालीं जाऊं नये. (३) ताजें उकरलेलें वारूळ दिसल्यास तेथून परतावें. (४) शेताच्या कडेची घाणेरी तोडून टाकावी. दिवसा तें तिच्यांत दडून राहतें.

समोर दिसल्यास : त्यानें पाहिलें नसल्यास गुपचूप मागें सरावें. पाहिलें असल्यास त्याच्याकडे तोंड ठेवून, हलक्या आवाजांत बोलत हळूहळू मागें जावें. धोंडा मारूं नये, पळूंही नये. तें मनुष्यास सहज गांठतें.

अंगावर आल्यास : जमिनीवर पालथें पडावें. तोंड मातीशीं लावून, दोन्ही हातांचीं बोटें मानेमागें गुंफून कोपरांनीं चेहऱ्याच्या बाजू झांकाव्या. पाय फांकून ठेवावे, म्हणजे तें सहज उलटवूं शकत नाहीं. उलटविल्यास पुन्हा पालथें व्हावें. ओरडूं नये. तें दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठूं नये. पाठीची जखम भरून येते. गेलेला डोळा परत येत नाहीं. सोबत्यांनीं मात्र न पांगतां एकत्र राहून मोठ्यानें आरडाओरड करावी.

नंतर : रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें. जखम साबण व भरपूर पाण्यानें धुवावी; हळद, चुना, पाला कांहीं भरूं नये. त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन धनुर्वाताचें व अलर्काचें इंजेक्शन घ्यावें.

कायदा : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें अस्वल मारणें गुन्हा आहे. प्राण वांचविण्याकरितां सद्हेतूनें मारल्यास तो गुन्हा होत नाहीं. परंतु मागाहून सूड म्हणून जमाव घेऊन पाठलाग केल्यास होतो. हल्ल्याची खबर विलंब न लावतां वनरक्षकास लेखी द्यावी, पंचनामा करवून घ्यावा, व डॉक्टरच्या दाखल्याची प्रत जवळ ठेवावी. सरकारी अर्थसाहाय्य या कागदांवांचून मिळणें कठीण.

हा पाठ घरांतील स्त्रिया, मुलें व गडीमाणसें यांस अवश्य वाचून दाखवावा. कारण सरपणास व मोहास रानांत तींच अधिक जातात.